टेंडरची शेवटची तारीख आणि अडलेलं प्लगइन

या खेपेला पत्रं बहुतेक एकाच दुखण्याची आली आहेत. पडद्यावर सूचना येते की सुरक्षेच्या कारणासाठी अमुक गोष्ट अडवली आहे, आणि काम तिथेच लटकतं. त्यातली चार घेतली आहेत. नावं छापत नाही, गावं तेवढी ठेवली आहेत. रत्नागिरीत माझ्या दुकानात येऊन तुम्ही समोर बसला असतात तर जे सांगितलं असतं, तेच इथे लिहिते.

प्रश्न : ताई, मी छोटा ठेकेदार आहे. पाखाड्या, साकव, संरक्षक भिंती अशी कामं घेतो. आजवर टेंडर विंडोज सेव्हनच्या जुन्या संगणकावरून भरत होतो. यंदा पावसाळ्यात वीज पडून तो गेला. नवीन लॅपटॉप घेतला, डिजिटल सहीचं, पेनड्राइव्हसारखं टोकन लावलं, टेंडरचं पोर्टल उघडलं. सही करायच्या पानावर नुसता पांढरा चौकोन येतो. दुसऱ्या ब्राउझरमध्ये 'सुरक्षा सेटिंगमुळे ॲप्लिकेशन अडवलं आहे' असं येतं. भाचा म्हणतो, जावाची सिक्युरिटी खाली आण आणि अँटिव्हायरस बंद कर. ती खाली आणायची पट्टी मला सापडत नाही. तारीख जवळ आली आहे. (हर्णै)

उत्तर : पट्टी सापडत नाही, कारण ती आता तशी नाहीच. जावा म्हणजे सहीच्या पानासारख्या पानांतले छोटे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर. त्याच्या सेटिंगमध्ये पूर्वी 'मीडियम' नावाची पायरी होती. २०१४ साली जावा ८ च्या विसाव्या अपडेटमध्ये ती काढून टाकली. उरल्या दोनच, 'हाय' आणि 'व्हेरी हाय'. भाच्याला आठवतंय ते त्याआधीचं. अँटिव्हायरस बंद करायचा सल्ला मात्र कुठल्याच काळात चांगला नव्हता. ज्या लॅपटॉपवरून तुम्ही अनामत रक्कम भरणार त्यावर तर नाहीच नाही.

हे अडवणं कुठून आलं ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं करायला सोपं जाईल. प्लगइन म्हणजे ब्राउझरच्या पोटात चालणारा परका प्रोग्रॅम. ही सोय १९९५ मध्ये नेटस्केप या त्या काळच्या ब्राउझर कंपनीने आणली. वेबपानाला जे जमत नव्हतं ते, म्हणजे व्हिडिओ दाखवणं, यूएसबीत खोचलेल्या टोकनशी बोलणं, असली कामं प्लगइन करायचं. अडचण अशी की त्याला तुमच्या संगणकावर तुमच्याइतकेच अधिकार मिळायचे. पानावर कोणी वाईट हेतूने काही ठेवलं आणि प्लगइनमध्ये एखादी फट असली, की नुसतं पान उघडल्यावर संगणक परक्याच्या हातात. जानेवारी २०१३ मध्ये जावात अशीच फट सापडली आणि दुरुस्ती यायच्या आधीच तिचा गैरवापर सुरू झाला. ॲपलने मॅकवर जावाचं प्लगइन परस्पर बंद केलं. अमेरिकेच्या सरकारी खात्याने लोकांना ब्राउझरमधलं जावा बंद ठेवायला सांगितलं. त्यानंतर ब्राउझरवाल्यांचा संयम सुटला. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये जुन्या पद्धतीची प्लगइन कायमची काढली, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये हलती चित्रं दाखवणारं फ्लॅश सोडून बाकीची. जावाचं प्लगइन २०१८ मध्ये जावा ११ मधून खुद्द ओरॅकलने, म्हणजे जावाच्या मालक कंपनीनेच काढलं. म्हणजे क्रोममधला तुमचा पांढरा चौकोन सेटिंग बदलून जाणार नाही. तिथे आता त्याला चालवणारं यंत्रच उरलेलं नाही.

आता काम. सगळ्यात आधी पोर्टलचंच मदतीचं किंवा डाउनलोडचं पान उघडा. बहुतेक पोर्टलं जावाचं ॲपलेट, म्हणजे प्लगइनमधून चालणारा छोटा प्रोग्रॅम, सोडून स्वतंत्र 'सायनर' प्रोग्रॅमवर गेली आहेत. तो प्रोग्रॅम तुमच्या लॅपटॉपवर बसतो, खाली घड्याळाशेजारी त्याचं चिन्ह दिसतं, आणि वेबपान त्याच्याशी १२७.०.०.१ या पत्त्यावर बोलतं. हा पत्ता म्हणजे तुमचाच संगणक. पान म्हणतं 'याच्यावर सही हवी', सायनर टोकनकडे जातो, तुम्ही पिन टाकता, सही होऊन परत येते. ब्राउझरच्या पोटात कोणाला शिरावं लागत नाही. सायनर पोर्टलवरूनच उतरवा. गुगलमध्ये शोधून पहिल्या दिसणाऱ्या दुव्यावरून नको आणि ठेकेदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली फाइल तर अजिबात नको. लॅपटॉपला टोकन ओळखता यावं म्हणून टोकनचा ड्रायव्हरही लागेल. टोकनच्या पाठीवर मॉडेलचं नाव असतं, ते बघून त्याच कंपनीच्या साइटवरून घ्या.

सायनर बसवूनही 'सर्व्हिस चालू नाही' असं आलं तर एक जागा नक्की बघा. २०२५ पासून क्रोम विचारतो की या साइटला तुमच्या स्थानिक नेटवर्कवरच्या उपकरणांशी जोडू द्यायचं का. घाईत माणूस 'ब्लॉक' दाबतो. मग पान सायनरपर्यंत पोचतच नाही आणि दोष सायनरच्या माथी जातो. पत्त्याच्या डावीकडे जे छोटं चिन्ह आहे त्यावर टिचकी मारा, साइटच्या परवानग्या उघडतील, तिथे लोकल नेटवर्कचं 'अलाउ' करा आणि पान पुन्हा उघडा. अलीकडे या कारणाने हैराण झालेले लोक दुकानात फार येतात. दोन मिनिटांचं काम असतं.

पोर्टल अजून खरंच ॲपलेटवरच असेल तर मार्ग आहे, पण अरुंद. इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. मात्र एज ब्राउझरमध्ये त्याचा 'आयई मोड' आहे आणि तो निदान २०२९ पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. एजच्या सेटिंगमध्ये 'डीफॉल्ट ब्राउझर' या भागात जाऊन साइट आयई मोडमध्ये उघडायला परवानगी द्या, एज बंद करून पुन्हा सुरू करा, मग पोर्टलचा पत्ता तिथल्याच यादीत घाला. ही नोंद ३० दिवसांनी आपोआप गळते. पुढच्या टेंडरला पुन्हा घालावी लागली तर घाबरू नका. जावा ८ टाका, कुठलं अपडेट चालतं ते पोर्टलच्या मदतीच्या पानावर बघून. त्यानंतर कंट्रोल पॅनेलमधल्या जावाच्या 'सिक्युरिटी' पानावर अपवादांची यादी आहे, 'एडिट साइट लिस्ट' म्हणून. त्यात फक्त पोर्टलचा पत्ता टाका. तो अक्षरशः जुळावा लागतो. एचटीटीपीएस असेल तर एचटीटीपीएसच, पोर्ट क्रमांक असेल तर तोही. निम्म्या लोकांचं घोडं इथे अडतं. या यादीचा फायदा असा की एकाच साइटला सूट मिळते, बाकी जगासाठी जावा जसं कडक आहे तसंच राहतं. टेंडर भरून झालं की जावा काढून टाका.

पत्रात नाही, पण पुढच्या पायरीवर अडाल म्हणून सांगून ठेवते. दरपत्रकाची, म्हणजे बीओक्यूची एक्सेल फाइल मॅक्रोवर, म्हणजे फाइलीतच बसवलेल्या छोट्या प्रोग्रॅमवर चालते. २०२२ पासून ऑफिस इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो अडवतं आणि वर लाल पट्टी दाखवतं. फाइल बंद करा, तिच्यावर उजवी टिचकी, 'प्रॉपर्टीज', तळाशी 'अनब्लॉक'. हे फक्त पोर्टलवरून तुम्ही स्वतः उतरवलेल्या फाइलीला करायचं. फाइलीचं नाव बदलू नका, पोर्टल ती परत घेत नाही.

आणि टोकनबद्दल. आपल्याकडे टेंडर भरून देणाऱ्याच्या टेबलाच्या खणात दहा-बारा ठेकेदारांची टोकनं असतात, प्रत्येकाला पांढरी चिकटपट्टी, त्यावर बॉलपेनने नाव आणि खाली पिन. मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे, आणि पिन बहुतेक गाडीचा नंबर असतो. त्या टोकनात तुमच्या सहीची खासगी किल्ली आहे. ती टोकनाबाहेर येत नाही, म्हणूनच टोकन ज्याच्या हातात आणि पिन ज्याला माहीत, तो तुमच्या नावाने सही करू शकतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधलं कलम ४२ सांगतं की या किल्लीवर ताबा ठेवण्याची वाजवी काळजी घेणं ही सही ज्याची आहे त्याची जबाबदारी. उद्या त्या सहीने भलत्याच दराचं टेंडर गेलं तर 'मी भरलंच नाही' हे सिद्ध करता करता नाकी नऊ येतील. भरून देणाऱ्याकडे जा, पण टोकन खिशात घेऊन जा, पिन स्वतः टाका आणि टोकन घेऊन परत या. पिन ठरावीक वेळा चुकला की टोकन लॉक होतं, तेव्हा आठवत नसेल तर अंदाजपंचे टाकत बसू नका. सर्टिफिकेटची मुदतही आजच बघा. १ जानेवारी २०२१ पासून क्लास टू प्रकारचं सर्टिफिकेट मिळत नाही, क्लास थ्रीच घ्यावं लागतं, आणि नवीन घ्यायचं तर त्याची पडताळणी शेवटच्या संध्याकाळी होत नसते.

जुना संगणक दुरुस्त करून परत टेंडरला लावायचा विचार असेल तर तो सोडा. विंडोज सेव्हनला १४ जानेवारी २०२० नंतर मोफत सुरक्षा अपडेट नाहीत. मोजमापवह्या नि बिलं छापायला ठेवा त्याला, इंटरनेटची वायर काढून.

प्रश्न : ताई, माझी हापूसची कलमां आसत. बागेत कॅमेरे लावलंय, डीव्हीआर घरात आसा. झील डोंबिवलीक बसान कॉम्प्युटरार बाग बघी. आता त्येणा नवीन कॉम्प्युटर घेतल्यान, तर तां पान उघडला की 'प्लगइन घाला' म्हणता आणि घातला तर 'ब्लॉक केला' म्हणता. कॅमेरे लावलेलो माणूस फोन उचलना नाय. आंबो तयार होवक इलो, राखण कशी करूची? (देवगड)

उत्तर : काका, तुमचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा, ज्या काळातला आहे त्या काळी त्याचं वेबपान इंटरनेट एक्सप्लोररसाठीच बनवलेलं असायचं. ते जे प्लगइन मागतं ते डीव्हीआरच्याच पोटातून येतं. म्हणजे डीव्हीआर तयार झाला तेव्हाचं, तेव्हापासून कोणी हात न लावलेलं. विंडोज त्याला अडवतं यात विंडोजची चूक नाही.

घरातल्या घरात बघायला दोन वाटा आहेत. एक म्हणजे वर ठेकेदारांना सांगितलेला एजचा आयई मोड. दुसरी मला जास्त आवडते, कारण तिला प्लगइन लागतच नाही. बरेच डीव्हीआर आरटीएसपी नावाच्या पद्धतीने चित्र बाहेर देतात, साधारणपणे ५५४ क्रमांकाच्या पोर्टवर. व्हीएलसी हा फुकट प्लेअर घ्या, त्यात 'मीडिया' मधून 'ओपन नेटवर्क स्ट्रीम' उघडा आणि डीव्हीआरचा आरटीएसपी पत्ता टाका. पत्त्याचा नमुना प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. मॉडेल क्रमांकासकट कंपनीच्या साइटवर शोधलात तर सापडेल.

डोंबिवलीसाठी मात्र या दोन्ही वाटा नकोत. कंपनीचं मोबाइल ॲप चालतं का ते बघा. डीव्हीआरच्या मेन्यूत नेटवर्कच्या भागात क्यूआर कोड असतो, तो मुलाने ॲपमध्ये स्कॅन करायचा. त्याआधी कंपनीच्या साइटवर फर्मवेअरचं, म्हणजे डीव्हीआरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, नवं अपडेट आहे का बघून घ्या. कधी कधी त्या अपडेटने वेबपानच बदलतं आणि प्लगइनची कटकट संपते.

पण खरी काळजी मला दुसऱ्याच गोष्टीची वाटते. मुलगा आतापर्यंत डोंबिवलीहून कसा बघायचा? ब्राउझरमध्ये आकडी पत्ता टाकून बघत असेल, तर कॅमेरेवाल्याने तुमच्या राउटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग' करून ठेवलेलं असणार. म्हणजे जगातून कोणीही तो आकडा टाकला की थेट तुमच्या डीव्हीआरच्या दारात. पासवर्ड बदललेला नसेल तर आतसुद्धा. २०१६ साली मिराय नावाच्या व्हायरसने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर असेच पकडले. कारखान्यातून आलेले 'ॲडमिन' छापाचे पासवर्ड एकामागून एक टाकून बघायचा, बस. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला त्या पकडलेल्या उपकरणांनी मिळून डाइन या, साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीवर इतका मारा केला की ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट तासन् तास कोलमडल्या. ज्यांची उपकरणं होती त्यांना याचा पत्ताही नव्हता, कॅमेरे नेहमीसारखे चालूच होते. तेव्हा राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग आणि 'यूपीएनपी' (उपकरणांना असं दार आपोआप उघडू देणारी सोय) दोन्ही बंद करायला लावा आणि डीव्हीआरचा पासवर्ड बदला. कलमांची राखण करताना डीव्हीआर मोकळा सोडलात तर काय उपयोग?

बाकी कॅमेऱ्यात वानर दिसले म्हणून वानर पळत नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगावं. राखण्याला काढू नका.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत लोकवर्गणीतून घेतलेलं ई-लर्निंगचं सॉफ्टवेअर आहे. धडे ब्राउझरमध्ये उघडतात, पण आता चित्राच्या जागी 'प्लगइन समर्थित नाही' येतं. नवीन घ्यायला पैसे नाहीत. (गुहागर)

उत्तर : बाई, धड्यांतली चित्रं ज्या जुन्या प्लगइनवर चालायची तो फ्लॅश आहे. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा आधार काढला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने स्वतःच सामग्री दाखवणं बंद केलं. 'फ्लॅश अपडेट करा' म्हणून जी साइट सांगेल ती आजच्या तारखेला खोटीच समजा.

सीडीत किंवा फोल्डरमध्ये एसडब्ल्यूएफ शेपटीच्या फाइली आहेत का बघा. असतील तर 'रफल' नावाचा फुकट, मुक्त स्रोत प्रोग्रॅम घ्या. फ्लॅशचं काम तो नव्याने लिहिलेल्या कोडने करतो, अडोबीचं जुनं प्लगइन त्यात अजिबात नाही. त्याची विंडोजची आवृत्ती उतरवा आणि फाइल तिच्यात उघडा. इंटरनेट लागत नाही, ही आपल्याकडच्या शाळांसाठी मोठी सोय. जुन्या धाटणीचे धडे व्यवस्थित चालतात, नंतरच्या काळातले गुंतागुंतीचे काही अर्धवट चालतील किंवा चालणार नाहीत. आधी चारेक धडे चालवून बघा आणि मगच मुलांसमोर लावा. फाइली ईएक्सई शेपटीच्या असतील तर फ्लॅश आतच बांधलेला असतो, त्या तशाच चालायची शक्यता आहे.

प्रश्न : मी स्थानिक साप्ताहिकाला बातम्या देतो. २०२० च्या निसर्ग वादळापासूनचे माझे सगळे लेख जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत. ते युनिकोडमध्ये करून देणारं एक एक्स्टेन्शन क्रोममध्ये होतं. अचानक ते बंद झालं. क्रोम म्हणतो, असुरक्षित आहे, काढून टाका. इतकी वर्षं चालत होतं, मग आताच असुरक्षित कसं झालं? (श्रीवर्धन)

उत्तर : विकलं गेलं असेल. थट्टा नाही करत. एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, बनवणारा बहुतेक एकटा माणूस असतो. तो कंटाळतो, कोणीतरी पैसे देऊन ते त्याच्याकडून घेतं, आणि पुढच्या अपडेटमध्ये नव्या मालकाला हवं ते तुमच्या ब्राउझरमध्ये येऊन बसतं. तुम्हाला नाव तेच, चिन्ह तेच. 'द ग्रेट सस्पेंडर' नावाच्या अतिशय लोकप्रिय एक्स्टेन्शनचं असंच झालं. २०२० मध्ये मालक बदलला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने मालवेअर म्हणून ते सगळ्यांच्या ब्राउझरमध्ये बंद केलं.

सूचनेचे शब्द मात्र नीट वाचा. 'मालवेअर आहे' हे वेगळं आणि 'आता समर्थित नाही' हे वेगळं. गुगलने एक्स्टेन्शनची जुनी रचना मोडीत काढली, तेव्हा अनेक निरुपद्रवी एक्स्टेन्शनंही बंद पडली, कारण त्यांच्या लेखकाने ती नव्या रचनेत आणलीच नाहीत. दुसऱ्या प्रकारची सूचना असेल तर घाबरायचं कारण नाही, पर्याय शोधायचा. पहिल्या प्रकारची असेल तर एक्स्टेन्शन काढा, ईमेलचा पासवर्ड बदला आणि खात्याच्या सुरक्षेच्या पानावरून बाकी सगळीकडचं लॉगिन बंद करा. पासवर्ड बदलायला दुसरा संगणक किंवा फोन वापरा.

खरं तर फॉन्ट बदलायला एक्स्टेन्शन लागतच नाही. तुमच्या त्या एक्स्टेन्शनने बसवताना 'सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे' ही परवानगी मागितली असणार. अक्षरांची अदलाबदल करायला तुमच्या बँकेचं पान कशाला वाचायला हवं? हे काम साधं कन्व्हर्टरचं पान करतं, आणि त्यातली काही पानं संगणकावर उतरवून इंटरनेट बंद करूनही चालवता येतात. तुमच्या जुन्या फॉन्टचं नेमकं नाव आधी वर्डमध्ये बघून घ्या, कारण प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी आणि कन्व्हर्टरही निराळा. मूळ फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर ठेवा, मग एक लेख बदलून बघा. पहिली वेलांटी आणि रफार असलेले शब्द डोळ्यांनी तपासा. जुन्या फॉन्टात ही चिन्हं दिसतात त्या जागी टाइप केलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने, त्यामुळे कन्व्हर्टर तिथेच जास्त अडखळतात. दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्यांवर काही लिहिलेलं असेल तर तोच लेख आधी घ्या, 'दिवेआगर' मधली वेलांटी कुठे जाते ते लगेच कळेल.